उदासीची गोळी सुरू केली आणि लेक रात्रभर जागी – मेनियाबद्दल अनुभव हवेत

निर्झरा | ११ जानेवारी, रात्री १०.४०

तीन आठवडे हा धागा काढू की नको, असं चाललं होतं. इथे मला ओळखणारं कोणी नाही, म्हणून काढतेय.

माझी लेक साडेबारा वर्षांची, सातवीत आहे. गणपतीच्या सुमारास ती मिटत गेली. शाळेतून आली की दप्तरासकट पलंगावर आडवी. जेवण म्हणजे अर्धी पोळी. कथक सोडलं. एके दिवशी भांडी लावता लावता अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, मी नसते तर तुम्हाला सोपं गेलं असतं." दुसऱ्या दिवशी आम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे होतो. त्यांनी तासभर वेळ दिला, समुपदेशन सुरू केलं, आणि तेवढ्याने भागेना म्हणून दिवाळीनंतर फ्लुओक्सेटीन १० एमजी दिली. दोन आठवड्यांनी २०. डॉक्टरांविरुद्ध मला काही म्हणायचं नाही, हे आधीच सांगते.

डिसेंबर लागला आणि ती हसायला लागली. मैत्रिणीला स्वतःहून फोन केला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. मग बोलणं वाढलं, इतकं की समोरच्याला शिरायला फट नाही. एका रात्री पावणेतीनला स्वयंपाकघरात दिवा दिसला. गेले तर सगळे डबे खाली काढलेले, फरशीवर पेपर पसरून प्रत्येक डाळीचा वेगळा ढीग, आणि रिकाम्या डब्यांवर स्केचपेनने लिहिलेल्या चिठ्ठ्या. तूरडाळ – 'घरातली मोठी सून'. मसूर – 'लाजाळू, पण मनाने चांगली'. उडीद – 'हिच्याशी वाद घालू नये'.

मी हसले. मला वाटलं, माझी पोर परत आली.

त्या आठवड्यात ती रोज तीन-साडेतीन तास झोपत होती आणि सकाळी अजिबात दमलेली नसायची. जागरणाकडे लक्ष गेलं होतं, या 'दमलेली नसायची'कडे गेलं नाही. सहाव्या दिवशी बाबांच्या फोनवरून अकरा हजारांची ऑर्डर गेली. कुत्र्यांचे गळपट्टे, साठ नग. भटक्या कुत्र्यांची शाळा काढायची होती आणि आमच्या वॉचमनला मुख्याध्यापक नेमलं होतं. फोन काढून घेतला तर तिने बाल्कनीच्या दाराची काच फोडली. तिच्या तोंडून ज्या शिव्या निघाल्या त्या तिला माहीत असतील हेही मला माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी फ्लुओक्सेटीन बंद करून मूड आवरणारं अ‍ॅरिपिप्राझोल सुरू केलं. आता सात तास झोपते, पण शाळा अजून नाही. ते म्हणतात, बायपोलर (कधी उदासी, तर कधी मेनिया म्हणजे मन आणि अंगातली ताकद अति वर जाणं, असा आजार) असू शकतं, आत्ताच शिक्का मारत नाही. मला रात्रंदिवस एकच कोडं पडलंय. हे गोळीने झालं का? गोळी दिली नसती तर झालंच नसतं का? सध्या ती बसल्या बसल्या पाय हलवत राहते, तेही परत तेच सुरू होतंय की काय, अशी धास्ती वाटते.

---

चिंचपेटी | ११ जानेवारी, रात्री ११.०५

वाचून पोटात गोळा आला. उडदाची चिठ्ठी मात्र अगदी बरोबर आहे हो. काळजी घे स्वतःचीपण.

---

पिंपळपान | १२ जानेवारी, सकाळी ७.१५

मी मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही, तेव्हा तिचं निदान किंवा डोस यावर एक अक्षर लिहिणार नाही. सर्वसाधारण जे माहीत आहे ते सांगतो.

दोन गोष्टींची इथे कायम गल्लत होते. पहिलीला आम्ही 'अ‍ॅक्टिव्हेशन' म्हणतो. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मूल चुळबुळं होतं, चिडचिडं होतं, झोप उडते, जीभ सैल सुटते. किशोरांपेक्षा लहान मुलांत हे जास्त दिसतं. डोस उतरवला की बहुतेकदा ओसरतं. हा मेनिया नव्हे.

मेनियात मूड आणि अंगातली ताकद दोन्ही एकदम वर जातात. झोप 'येत नाही' असं नसतं, झोपेची गरजच संपते. निर्झराताईंनी 'दमलेली नसायची' असं लिहिलंय, आम्ही नेमकं तेच विचारतो. काळजीने जागलेलं मूल सकाळी कोमेजलेलं असतं. त्याशिवाय विचारांची घोडदौड, स्वतःबद्दल अचाट कल्पना, पैशांची उधळण, मुलाच्या वयाला न शोभणारी वागणूक. व्याख्येप्रमाणे ही लक्षणं सात दिवस टिकावी लागतात, हॉस्पिटलात ठेवायची वेळ आली तर सात दिवसांची अट नाही. चार दिवसांचं आणि सौम्य असेल तर हायपोमेनिया.

आता तुमचं कोडं. २००४ साली अमेरिकेत विम्याच्या नोंदींवरून एक मोठा अभ्यास झाला. ५ ते २९ वयाचे, चिंता किंवा डिप्रेशनचं निदान झालेले जवळपास ८८ हजार रुग्ण. अँटीडिप्रेसंट, म्हणजे उदासीची गोळी, घेणाऱ्यांत पुढे मेनियाचं निदान होण्याचं प्रमाण जास्त निघालं आणि धोका सगळ्यात जास्त होता १० ते १४ या वयात. वयात येण्याचा काळ. पण नोंदींवरून 'गोळीने केलं' हे सिद्ध होत नाही. ज्यांचं डिप्रेशन मुळात बायपोलरचं पहिलं तोंड असतं, ती मुलं जास्त आजारी असतात आणि म्हणून त्यांनाच गोळी मिळते, असंही असू शकतं. बायपोलरची सुरुवात पुष्कळदा डिप्रेशननेच होते, आणि त्या वेळी साधं डिप्रेशन आणि बायपोलरचं, दोन्ही दिसायला सारखीच.

अमेरिकी निदानपुस्तकाच्या २०१३च्या आवृत्तीने यावर एक व्यवहारी नियम केला. गोळीवर असताना सुरू झालेला मेनिया गोळीचा परिणाम उतरल्यावरही पूर्ण स्वरूपात टिकला, तर बायपोलर धरायचं. मात्र फ्लुओक्सेटीनच्या बाबतीत 'उतरल्यावर' म्हणजे कधी, तर तिचं शरीरात तयार होणारं रूप आठवडेच्या आठवडे रक्तात रेंगाळतं. आज बंद केली आणि उद्या संपली, असं होत नाही. तुमचे डॉक्टर शिक्का मारायला थांबलेत, त्यामागे हे कारण असेल.

पाय हलवण्याबद्दल: अ‍ॅरिपिप्राझोलने काहींना आतून अस्वस्थ वाटतं, एका जागी बसवत नाही. त्याला अकाथिसिया म्हणतात. तो मेनियासारखा दिसतो आणि घाबरून डोस वाढवला तर आणखी बिघडतो. पुढच्या तारखेची वाट न बघता उद्याच फोन करून सांगा. तिला एवढंच विचारा, "हलवावंसं वाटतं म्हणून हलवतेस की हलवल्याशिवाय राहवत नाही?"

---

निर्झरा | १२ जानेवारी, सकाळी ९.३०

विचारलं. म्हणाली, "राहवत नाही, हाडं खाजतात आतून." डॉक्टरांना कळवलं, त्यांनी डोस कमी केला. पिंपळपान, तुमचे आभार कसे मानू?

---

खडूस_काका | १२ जानेवारी, सकाळी ११.२०

बारा वर्षांच्या पोरीला मेंदूवरच्या गोळ्या! आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मोबाईल काढून घ्या, पहाटे उठवून मैदानावर पाठवा, दोन महिन्यांत ठणठणीत.

---

रात्रपाळी | १२ जानेवारी, दुपारी १.४५

काका, तुमच्या वेळीही होतं. तेव्हा त्याला 'डोक्यावर परिणाम झाला' म्हणायचे आणि त्या माणसाला माडीवरच्या खोलीत ठेवायचे.

मी चौतीस वर्षांचा. बारावीच्या वर्षी डिप्रेशनसाठी एसिटालोप्राम चालू झालं, पाचव्या आठवड्यात मी हवेत. आतून कसं असतं ते सांगतो, कारण बाहेरून बघणाऱ्यांना ते कळत नाही. मला आजारी वाटतच नव्हतं. चार महिने चिखलातून चालल्यावर एकदम डांबरी रस्ता लागावा तसं. पुस्तकाचं पान नुसतं बघितलं तरी पाठ होतंय असं वाटायचं. आई "झोप रे" म्हणायची तेव्हा तिची कीव यायची. म्हणून मुलाला "तुला कसं वाटतंय?" असं विचारून काही हाती लागत नाही. उत्तर "मस्त" असंच येणार.

त्यानंतर आईने एक युक्ती काढली, आजवर चालू आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात ज्या चौकटीत दुधाचा हिशोब लिहितात, तिथे माझ्या झोपेचे तास. दूध दीड, झोप सात. दूध दीड, झोप सहा. सलग दोन दिवस पाचच्या खाली आलं की डॉक्टरांना फोन, माझी परवानगी न विचारता. हे आमचं मी बरा असताना ठरलेलं आहे. गेल्या अकरा वर्षांत दोनदा त्या कॅलेंडरने मला धरलं, मला स्वतःला काहीही जाणवायच्या आत.

निर्झराताई, साठ गळपट्ट्यांचं तिला नंतर फार वाईट वाटेल. ती हसून विषय काढेपर्यंत तुम्ही काढू नका.

---

पोळपाट | १२ जानेवारी, दुपारी ४.१०

मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण हा धागा वाचून आज रात्री कोणीतरी आई मुलाची गोळी कचऱ्यात टाकेल.

माझ्या मुलाला ओसीडी, म्हणजे तीच कृती परत परत करत राहण्याचा आजार. दिवसाला पंचेचाळीस वेळा हात धुणं, हाताची सालं निघालेली, शाळा बंद. सर्ट्रालीन, हीपण अँटीडिप्रेसंटच, चालू करून दोन वर्षं झाली. मेनिया नाही, काही नाही. दहावीची परीक्षा दिली पोराने. आमच्यासारखी घरं धागे काढत नाहीत, त्यामुळे इथे फक्त उलटलेल्याच गोष्टी दिसतात.

---

पिंपळपान | १२ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

पोळपाट यांना पूर्ण अनुमोदन. किशोरांच्या डिप्रेशनवरचा एक चांगला अभ्यास २००४ सालीच आला, १२ ते १७ वयाची ४३९ मुलं. बारा आठवड्यांनी फ्लुओक्सेटीन आणि समुपदेशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के मुलं सुधारली, नुसत्या गोळीवर ६१ टक्के, खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीवर ३५ टक्के. एवढा फरक सोडून देण्यासारखा नाही. न उपचारलेलं डिप्रेशन ही काही सुरक्षित जागा नव्हे, निर्झराताईंच्या लेकीचं भांडी लावतानाचं वाक्य पुन्हा वाचा.

आणि काही झालं तरी गोळी आपल्या मनाने एकदम बंद करू नये. मेनियाची शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. ते नाही भेटले तर सरकारी हॉस्पिटलची कॅज्युअल्टी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलतात.

---

एडिसनकर | १२ जानेवारी, रात्री ११.५०

न्यू जर्सीहून. इथे माझ्या भाचीला हीच गोळी दिली तेव्हा दुकानातून बाटलीबरोबर एक छापील माहितीपत्रक मिळालं, देणं बंधनकारकच आहे. एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ साली अँटीडिप्रेसंटवर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला, २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू केला. तो आत्महत्येच्या विचारांबद्दल आहे. चाचण्यांमध्ये असे विचार किंवा वागणं गोळी घेणाऱ्या मुलांत सुमारे ४ टक्के आणि खोट्या गोळीवर २ टक्के दिसलं. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही नव्हती. डॉक्टरांसाठीच्या वेगळ्या माहितीपत्रकात, गोळी सुरू करण्याआधी बायपोलरसाठी नीट चौकशी करा, घराण्यातल्या आत्महत्या, बायपोलर आणि डिप्रेशनचा इतिहास विचारा, असं लिहिलेलं आहे. लोक पहिलं वाचून घाबरतात, दुसरं वाचतच नाहीत. तिकडे मिळतं का असं पत्रक?

---

शेड्यूल_एच | १३ जानेवारी, सकाळी ८.००

एडिसनकर, तीस वर्षं मेडिकलचं दुकान चालवतोय. आमच्याकडे गिऱ्हाईक "दहाच द्या" म्हणतं, आम्ही कात्रीने पट्टी कापतो, पत्रक असलंच तर खोक्यात राहतं. खोकं संध्याकाळी भंगारात. पुष्कळदा कापलेल्या तुकड्यावर औषधाचं नावही नसतं. पट्टी पूर्ण घ्या आणि ब्रँडच्या खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव घरी एका वहीत उतरवून ठेवा. डॉक्टर बदलला की ती वही न्यायची.

दुकानातून जे दिसतं ते सांगतो. जुनी चिठ्ठी घेऊन "मागच्या वेळी लागू पडली होती" म्हणत लोक येतात. बहिणीची गोळी भाचीला चालवतात. एकाग्रतेची मिथाइलफेनिडेट मात्र शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत येते, दोन प्रतींत चिठ्ठी लागते, एक आम्ही जपून ठेवतो, त्यामुळे तिथे असला प्रकार चालत नाही.

आणखी एक, सर्दी-दम्याची मॉन्टेल्युकास्ट. आपल्याकडे दर पावसाळ्यात निम्म्या वर्गाला चालू असते. अमेरिकेत २०२० पासून तिच्यावरही काळ्या चौकटीचा इशारा आहे, चिडचिड, वाईट स्वप्नं, वागण्यातले बदल यासाठी. मेनियाचा नाही तो. पण आधीच मूडचा आजार असलेल्या मुलाच्या आईला ही गोष्ट माहीत असावी. कफ सिरप घेतानाही फ्लुओक्सेटीन चालू आहे हे सांगावं, डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेली सिरपं तिच्याबरोबर जमत नाहीत.

---

सोनचाफा | १३ जानेवारी, दुपारी १२.३०

आमचा किस्सा अँटीडिप्रेसंटचा नाही, तरी लिहिते. मुलाला वयाच्या सहाव्या वर्षी नेफ्रोटिक सिंड्रोम, किडनीचा आजार. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, भरपूर डोस, सहा आठवडे रोज. चौथ्या दिवसापासून पोरगा रात्री दोनला उठून सोफ्यावरून उड्या, खोलीभर पळणं, अखंड बडबड, मध्येच हुंदके. वॉर्डात सांगितलं तर "स्टेरॉइडने भूक वाढते, मुलं हट्टी होतात, एवढं काय" असं ऐकावं लागलं. तीन रात्री मी त्याला व्हरांड्यातून फिरवत होते. शेवटी राउंडला आलेल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी नीट बसून ऐकलं, गोळीची वेळ सकाळची केली, मोठ्या डॉक्टरांशी बोलून पुढचं ठरवलं. डोस उतरत गेला तसा तोही उतरला. माझ्या मनाने बंद केलं असतं तर किडनीचं तर झालंच असतं, वरून एकदम थांबवल्याचाही धोका होता, हे त्यांनी बजावलं.

तो आज अकरा वर्षांचा. मूडचा काही आजार नाही. याला काय म्हणायचं?

---

पिंपळपान | १३ जानेवारी, रात्री ९.४५

स्टेरॉइडचा परिणाम म्हणायचा. डोसावर अवलंबून असतो. बोस्टनच्या १९७२च्या एका जुन्या पाहणीत, प्रौढ रुग्णांत, दिवसाला ४० एमजीपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांत मानसिक लक्षणं १.३ टक्के आणि ८० एमजीच्या वर १८.४ टक्के. प्रौढांचे आकडे आहेत, मुलांना जसेच्या तसे लावू नका. तरी वॉर्डातल्या आईने सांगितलेलं 'हट्टीपणा' म्हणून उडवून लावणं चूकच.

शेड्यूल_एच यांनी मिथाइलफेनिडेटचा विषय काढला, म्हणून स्वीडनमधला २०१७चा एक अभ्यास. बायपोलर असलेले २,३०७ प्रौढ. मूड स्टॅबिलायझर, म्हणजे मूड स्थिर ठेवणारं औषध, न घेता नुसती ही गोळी चालू केलेल्यांत पहिल्या तीन महिन्यांत मेनियाचा धोका सहापटींहून जास्त वाढला. स्टॅबिलायझर सोबत असेल तर वाढला नाही, कमीच झाला. त्याच गटाने २०१४ मध्ये अँटीडिप्रेसंटबद्दल असंच काहीसं दाखवलं होतं, एकटी गोळी असेल तर जवळपास तिप्पट धोका, सोबत स्टॅबिलायझर असेल तर पहिल्या तीन महिन्यांत वाढ नाही. म्हणून मुलांतही आधी स्टॅबिलायझरचा पाया धरायचा आणि मग वरचं बांधकाम, असाच आमचा कल असतो. २०१२च्या एका अभ्यासात ६ ते १५ वयाच्या मेनियाच्या २७९ मुलांत रिस्पेरिडोन हे औषध लिथियम आणि व्हॅल्प्रोएट या दोन्ही स्टॅबिलायझरांपेक्षा सरस ठरलं, पण वजन भराभर वाढलं. फुकट काहीच नाही. वयात आलेल्या मुलींना व्हॅल्प्रोएट शक्यतो टाळतात, पाळीच्या तक्रारी आणि पुढे गर्भाला असलेला धोका म्हणून.

या उलट टोकही अमेरिकेने बघितलंय. १९९४ ते २००३ या काळात तिथे मुलांच्या बायपोलर निदानाच्या भेटी चाळीसपट वाढल्या. तापट मूल दिसलं की बायपोलर. मग सतत चिडणाऱ्या मुलांसाठी २०१३ मध्ये वेगळं निदान काढावं लागलं. तेव्हा शिक्का मारायची घाई नको, ही तुमच्या डॉक्टरांची भूमिका मला पटते.

निर्झराताई, एक विचारू? घराण्यात असा आजार कोणाला होता का?

---

निर्झरा | १३ जानेवारी, रात्री १०.२०

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. नवरा म्हणाला, "नाही." मीही मान हलवली. माझ्या माहेरी तरी कोणी नाही.

---

पिंपळपान | १३ जानेवारी, रात्री १०.५०

प्रश्न कसा विचारला जातो त्यावर उत्तर ठरतं. "घरात कोणाला मानसिक आजार?" म्हटलं की दहापैकी नऊ घरं नाही म्हणतात, आणि खोटं बोलत नसतात. त्यांच्या घरात त्या गोष्टीला ते नावच नसतं. म्हणून मी आता असं विचारतो: घरात कोणी उधळ्या निघालं का? कोणी जमीन विकून आठ दिवसांत पैसा उडवला? कोणी अचानक संन्यास घेतला, घर सोडलं? कोणाच्या अंगात यायचं, आणि ते फक्त काही महिनेच यायचं? कोणी विहिरीत पडलं आणि 'पाय घसरला' असं सांगतात? कोणाला वाडीला, गाणगापूरला नेऊन ठेवलं होतं? कोणावर 'करणी' झाली होती?

मग बाप गप्प होतो आणि आजी बोलायला लागते.

---

रात्रपाळी | १३ जानेवारी, रात्री ११.१०

'काही महिनेच यायचं.' माझी आत्या. बाप रे.

---

खडूस_काका | १४ जानेवारी, सकाळी ६.५५

रात्री झोप लागली नाही. माझा थोरला भाऊ. माडीवरचीच खोली. वरचा माझा प्रतिसाद काढून टाकता आला तर काढा.

---

रात्रपाळी | १४ जानेवारी, सकाळी ९.००

राहू द्या काका. आणि तिळगूळ घ्या.

---

निर्झरा | ९ फेब्रुवारी, रात्री ९.१५

महिनाभराने येतेय. पिंपळपानांची यादी मी नवऱ्याला वाचून दाखवली. 'जमीन विकून' पर्यंत आले आणि तो उठून गॅलरीत गेला.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी आम्ही गावी गेलो. सासूबाईंना आधी काही सांगितलं नाही. त्या वाल सोलत होत्या, मीही बसले. मी नातीच्या डाळींची गोष्ट सांगितली, चिठ्ठ्यांसकट. त्या हसल्या, आणि मग हात थांबला. म्हणाल्या, "बापूभावजींनी एकदा रात्रीत सगळ्या गोठ्याला पांढरा चुना दिला होता. म्हशींनासुद्धा."

बापूकाका म्हणजे माझे धाकटे चुलत सासरे. माझ्या लग्नाच्या आधीच घर सोडून गेलेले. फोटो एकच, लग्नाच्या पंगतीतला, तोही अर्धा. मला एवढंच माहीत होतं की त्यांच्यावर कोणी करणी केली. उसाचे पैसे आले त्या आठवड्यात त्यांनी तीन जुन्या जीपगाड्या घेतल्या होत्या, गाडी चालवता येत नसताना. नवरा तेव्हा आठ वर्षांचा, त्यातल्या एका जीपमध्ये बसून खेळलेला. त्याला ते आठवत होतं. फक्त ते 'आजार' या खणात कधी ठेवलंच नव्हतं.

सासूबाईंनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढायला लावली. सातबाऱ्याच्या उताऱ्यांखाली मिरजेच्या कोणा डॉक्टरांची चिठ्ठी, ऑगस्ट १९८६. शाई उडालीय, तरी वाचता येतं. लिथियम कार्बोनेट ३००, दिवसातून तीनदा. सासूबाई म्हणाल्या, त्या गोळ्यांवर भावजी सहा वर्षं अगदी नीट होते, शेती बघत होते, लग्नाचंही जमत आलं होतं. मग कोणी तरी सांगितलं की या गोळ्या किडनी खातात, आणि बंद केल्या.

चिठ्ठीचा फोटो डॉक्टरांना दाखवला. त्यांनी दोनदा वाचला.

---

पिंपळपान | ९ फेब्रुवारी, रात्री १०.३०

ती चिठ्ठी म्हणजे खरंच ठेवा आहे. लिथियम लागू पडणं काही अंशी घराण्यातून येतं, एवढं आम्हाला माहीत आहे. खात्री नव्हे, पण निवड करताना वजन पडतं.

---

शेड्यूल_एच | १० फेब्रुवारी, सकाळी ८.१०

लिथियम चालू झालं असेल तर दुकानदाराचं एक ऐका. अंगदुखी-तापाला आयबुप्रोफेन नको, रक्तातलं लिथियम चढतं. जुलाब-उलट्या झाल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मीठ एकदम कमी करायचं नाही, उन्हाळ्यात पाण्याची बाटली सोबत. आणि निर्जळी उपवास कोणाच्याही सांगण्यावरून नाही. किडनी आणि थायरॉइडच्या तपासण्या वेळच्या वेळी करत राहिलं की 'किडनी खातात'ची भीती बाळगायचं कारण उरत नाही, बिघाड दिसला तर वेळीच दिसतो.

---

निर्झरा | १० फेब्रुवारी, रात्री ८.४०

चालू झालंय. पहिली रक्ततपासणी झाली, रात्रीच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी, लिथियमची पातळी ०.७ आली. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे. हात किंचित कापतो, त्यामुळे अक्षर बिघडलंय म्हणून चिडते. सोमवारपासून अर्धा दिवस शाळा.

दुधाच्या चौकटीत मीही लिहायला लागलेय. काल ती स्वतःच पेन घेऊन गेली. दूध एक, झोप साडेसात. खाली बारीक अक्षरात, 'उडीद शांत'.